थंडीच्या सकाळीं जुनी मोटार चालू कां होत नाहीं ?

कपाशीची वेचणी भरांत आलेली असते, पहांटेच हिंगणघाटच्या बाजाराकडे निघावयाचें असतें, आणि नेमकी त्याच दिवसांत घरची जुनी मोटार हटून बसते. मार्गशीर्ष-पौषांत आपल्या वर्धा जिल्ह्यांत पारा कित्येक रात्रीं १० अंशांच्या आसपास उतरतो. दुपारीं एका झटक्यांत चालू होणारी गाडी पहांटे पांच वाजतां नुसती कण्हते, दोनदां फुरफुरते आणि गप्प होते. बाजाराचा एक दिवस चुकला तर तो दुसऱ्या दिवशीं भरून काढतां येतो. परंतु मध्यरात्रीं बाळंतीण अडली, किंवा घरच्या वडील माणसाच्या छातींत कळ आली, आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयापर्यंत पोंचावयाचें असतां गाडीनें दगा दिला, तर त्या अर्ध्या तासाची किंमत कशानें भरून यावयाची ?

मोटारीस बैल जुंपण्याची गोष्ट वर्धेकरांस अपरिचित नाहीं. जमनालालजी बजाज यांच्या जुन्या फोर्ड गाडीस बैल जुंपीत व गांधीजी तिला विनोदानें ‘ऑक्स-फोर्ड’, म्हणजे बैलांची फोर्ड, म्हणत, अशी हकीकत सांगतात. ती पाळी आपल्यावर येऊं नये म्हणून या विषयाची थोडी फोड करण्याचें योजिलें आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट सांगतों. गाडी थंडींत चालू होईना कीं दोष कार्ब्युरेटरचा, असा समज आपल्याकडे फार रूढ आहे. गाडीचा मालक स्क्रू पिळूं लागतो, मिस्त्री कार्ब्युरेटर उघडतो, आणि खरें कारण दुसरीकडेच राहतें. आमच्या पाहण्यांतील एका गाडीचा कार्ब्युरेटर एका हिवाळ्यांत दोनदां बदलण्यांत आला. शेवटीं दोष निघाला तो बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्यास जाणाऱ्या गंजलेल्या पट्टींत. पट्टी काढून घासून पुन्हां आवळण्यास पाव तास लागला. क्रमानें तपासणी केली असती तर खर्च वांचला असता. तो क्रम वाचकांच्या हातीं द्यावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कोणत्या गाड्यांविषयीं

हा लेख पेट्रोलवर चालणाऱ्या व कार्ब्युरेटर असलेल्या गाड्यांपुरता आहे. पेट्रोलची जुनी जीप, २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या अँबॅसॅडरपैकीं जुन्या गाड्या, मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेली प्रीमियर पद्मिनी, आणि १९८३ सालच्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पैकीं आरंभींच्या गाड्या या वर्गांत येतात. नव्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारण्याचें काम विजेच्या यंत्रणेकडे असतें. त्यांस हें विवेचन लागू नाहीं. मात्र पेट्रोलवर चालणारा लहान पाण्याचा पंप, पाठीवरचा फवारणी पंप व जुनी मोटारसायकल यांस यांतील बहुतेक नियम लागू पडतात.

थंडीनें नेमकें काय होतें

इंजिनांत पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों, परंतु खरें पाहतां जळते ती पेट्रोलची वाफ. द्रवरूप थेंब ठिणगीनें सहसा पेटत नाहीं. तापलेल्या इंजिनास वजनानें एक भाग पेट्रोलला सुमारें पंधरा भाग हवा असें मिश्रण पुरतें. थंड इंजिनांत मात्र आंत गेलेल्या पेट्रोलपैकीं थोड्याचीच वाफ होते. उरलेलें नळीच्या थंड भिंतीस थेंबांच्या रूपानें चिकटून राहतें. म्हणून पेटण्याजोगी वाफ मिळावी यासाठीं आरंभीं पेट्रोल कितीतरी अधिक सोडावें लागतें. हें अधिक पेट्रोल सोडण्याची सोय म्हणजे चोक.

थंडीचा दुसरा परिणाम बॅटरीवर होतो. आम्ल व शिसें यांच्यामधील क्रिया थंडींत मंदावते व बॅटरीचा जोर घटतो. तिसरा परिणाम तेलावर होतो. तेल दाट झालें म्हणजे इंजिन फिरविण्यास अधिक जोर लागतो. तात्पर्य, ज्या वेळीं अधिक शक्तीची गरज त्याच वेळीं शक्ति कमी असते. शिवाय सेल्फनें बॅटरीचा बहुतेक जोर ओढून घेतला म्हणजे कॉइलला वीज कमी मिळते व ठिणगी दुबळी पडते. दुपारीं जी उणीव खपून जाते ती पहांटे खपत नाहीं, याचें रहस्य हेंच आहे. थंडी बहुधा नवा दोष उत्पन्न करीत नाहीं. असलेला दोष ती उघड करते.

तपासणीचा क्रम

इंजिन चालू होण्यास चार गोष्टी लागतात : पुरेसा वेग, योग्य वेळीं ठिणगी, योग्य मिश्रण आणि दाब. तपासणीही याच क्रमानें करावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशानें आला हें कळत नाहीं व पुढील हिवाळ्यांत पुन्हां आरंभापासून शोध करावा लागतो.

पहिली गोष्ट वेग. सेल्फ मारतांना इंजिन जोमानें फिरतें कीं कण्हत फिरतें हें कानांनीं ऐकावें. त्या वेळीं दिवे लावून पाहावेत. ते अगदीं मंद होत असतील तर बॅटरी दुबळी आहे किंवा जोड सैल आहे. पूर्ण भरलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीच्या स्थितींत सुमारें १२·६ व्होल्ट दाखविते. १२·२ च्या आसपास आली तर ती अर्धीच भरलेली समजावी. सेल्फ मारतांना आकडा ९·६ च्या खालीं जाऊं नये. टोपणें उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरनें आम्लाची घनता पाहावी. १·२६० ते १·२८० ही भरलेल्या बॅटरीची खूण होय. बॅटरी चांगली असून इंजिन मंद फिरत असेल तर टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यानें धुवावी, दोन्ही टोकें घासकागदानें स्वच्छ करून आवळावींत, आणि सांगाड्यास जाणारी पट्टी विसरूं नये. ट्रॅक्टरसाठीं आणलेलें एकाच ग्रेडचें दाट तेल मोटारींत घालण्याची चाल कोठें कोठें आहे, तीहि सोडावी. गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेलें तेलच वापरावें.

दुसरी गोष्ट ठिणगी. एक प्लग काढून त्याच्या वायरीस जोडावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या स्वच्छ धातूस टेकवावा, आणि दुसऱ्यानें सेल्फ मारावा. प्लग हातांत धरूं नये. कोरड्या लांकडानें किंवा रबरानें दाबून ठेवावा. पेट्रोल सांडलेलें असेल तेथें ही परीक्षा मुळींच करूं नये, आणि प्लगचें उघडें भोंक कापडानें झांकावें. ठिणगी निळसर व तडतड आवाज करणारी असावी. पिंवळी, तांबूस किंवा मधूनमधून चुकणारी ठिणगी थंडींत उपयोगी नाहीं.

ठिणगी दुबळी असेल तर बहुधा दोष डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटचा असतो. पॉइंट जळून खड्डा पडलेला असेल तर तो बदलावा. नुसता काळवंडला असेल तर बारीक पॉलिश पेपरनें पुसावा. दोन पॉइंटांमधील फट साधारणतः ०·३५ ते ०·५० मिलिमीटर असते; आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेंत पाहून फीलर गेजनें जुळवावा. पॉइंट नवे घालूनही वरचेवर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. डिस्ट्रिब्यूटरचें झांकण आंतून कोरडें आहे काय, त्यास केसासारखी तडा आहे काय, हें उजेडांत धरून पाहावें. दंव पडलेल्या सकाळीं झांकण व जाड वायरी कोरड्या फडक्यानें पुसतांच गाडी चालू झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. कापसाच्या गंजीजवळ गाडी ठेवणारांनीं उंदरांनीं वायरी कुरतडल्या नाहींत ना, हेंही पाहावें.

तिसरी गोष्ट मिश्रण. येथें प्रथम लक्षण ओळखावें. गाडी रोज चालत असतां झटकन चालू होते, पण चार दिवस उभी राहिली कीं फार वेळ सेल्फ मारावा लागतो, असें असेल तर कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल उडून गेलेलें असतें, किंवा पंपाची झडप नीट न बसल्यामुळें नळींतील पेट्रोल टाकीकडे उलटें गेलेलें असतें. पंपास हातानें चालविण्याची कळ असेल तर ती दहा-वीस वेळां दाबून वाटी भरून घ्यावी. बॅटरीचा जोर वांचतो. कळ दाबूनही पेट्रोल येत नसेल तर पंपाचा पडदा, गाळणी व टाकीच्या टोपणाचें हवेचें भोंक तपासावें. हें भोंक बुजलें तर टाकींत निर्वात होऊन पेट्रोल पुढें सरकत नाहीं.

याच्या उलट प्लग काढल्यावर तो ओला असेल व पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर पेट्रोल कमी नसून अधिक झालेलें आहे. आपले मिस्त्री यासच ‘ओव्हर होणें’ म्हणतात. अशा वेळीं चोक पूर्ण आंत ढकलावा, एक्सिलरेटर शेवटपर्यंत दाबून तसाच धरावा, आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आंत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडतें. एक्सिलरेटर वरचेवर दाबूं नये, कारण ज्या कार्ब्युरेटरांत लहान पिचकारी असते तेथें प्रत्येक दाबासरशीं आणखी पेट्रोल आंत जातें. रोजच ओव्हर होत असेल तर वाटींतील सुईची झडप झिजली आहे किंवा फ्लोटमध्यें पेट्रोल शिरलें आहे असें समजावें.

चोक सर्व गाड्यांत एकाच रीतीचा नसतो, आणि पुष्कळ घोटाळा येथेंच होतो. कांहींत कार्ब्युरेटरच्या तोंडावर एक पातळ झांकण असतें. दांडी ओढली कीं तें मिटतें व हवा कमी होऊन पेट्रोल अधिक ओढलें जातें. अशा गाडींत एअर फिल्टर काढून झांकण खरोखर पूर्ण मिटतें कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें. दांडी ओढली तरी तार सैल असल्यानें झांकण अर्धेंच मिटतें, असें वारंवार आढळतें. सोलेक्स जातीच्या कित्येक कार्ब्युरेटरांत झांकणाऐवजीं पेट्रोलचा एक स्वतंत्र मार्ग असतो. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो, म्हणून चालू करतांना एक्सिलरेटरवर पायच ठेवूं नये. पाय ठेवला कीं ओढ मोडते व चोक असून नसल्यासारखा होतो. जुन्या अँबॅसॅडरमधील एस्. यू. कार्ब्युरेटरांत दांडी ओढली म्हणजे जेट खालीं सरकते व पेट्रोलची वाट मोठी होते. तेथें जेट मोकळेपणीं खालींवर होते ना, व वरच्या नळकांड्यांत तेल आहे ना, हें पाहावें. आपल्या गाडीचा कार्ब्युरेटर कोणत्या जातीचा हें न जाणतां दुसऱ्याच्या गाडीची युक्ति आपल्या गाडीवर करूं नये.

चौथी गोष्ट दाब. वेग, ठिणगी व मिश्रण ठीक असून गाडी चालू होत नसेल तर दाबाकडे वळावें. टॅपेटची फट नाहींशी झाली असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाहीं व दाब निसटतो. फट जुळविणें हें खर्चाचें काम नव्हे. दाब मोजण्याचें घड्याळ मिस्त्रीकडे असतें. ज्या सिलिंडरचा दाब कमी त्यांत प्लगच्या भोंकांतून चमचाभर इंजिन तेल घालून पुन्हां मोजावें. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा. इतकें झाल्यावरच इंजिन उघडण्याचा विचार करावा.

हल्लींच्या पेट्रोलचा विचार

गेल्या कांहीं वर्षांत ‘पूर्वी चालू होत होती, आतां होत नाहीं’ अशी तक्रार जुन्या गाडीचे मालक करूं लागले आहेत. तिच्यांत तथ्य आहे. देशांत पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्क्यांवर व २०२५ सालीं २० टक्क्यांवर पोंचलें. हें इथेनॉल उंसापासून, मक्यापासून व खराब झालेल्या धान्यापासून होतें. त्यामुळें आपल्या मालास एक नवें गिऱ्हाईक मिळालें आहे हें शेतकऱ्यानें विसरूं नये. परंतु जुन्या इंजिनास त्याचा जो त्रास होतो तोही झांकून ठेवण्याचें कारण नाहीं.

इथेनॉलच्या अंगांत मुळांतच प्राणवायु असल्यामुळें त्यास जळण्यासाठीं हवा कमी लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या जेटचें भोंक मात्र निव्वळ पेट्रोलच्या हिशेबानें पाडलेलें असतें. म्हणून २० टक्के इथेनॉलचें मिश्रण तेथें हलकें पडतें, म्हणजे हवेच्या मानानें इंधन कमी होतें. दुसरें असें कीं, इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते, आणि थंड इंजिनांत उष्णतेचाच तुटवडा असतो. या दोन कारणांनीं चोक पूर्वीपेक्षां अधिक व थोडा जास्त वेळ ठेवावा लागतो. तो दोष नव्हे. मात्र तापलेली गाडी धक्के देत असेल तर जेट व मिश्रण जाणत्या मिस्त्रीकडून जुळवून घ्यावें.

तिसरा त्रास रबराचा. जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व बुचाचे वॉशर इथेनॉलनें फुगतात, मऊ पडतात किंवा तडकतात. फुटक्या नळींतून पंप पेट्रोलऐवजीं हवा ओढतो. शिवाय गळतें पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडण्याचें भय असतें. हे सर्व भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. चौथा त्रास पाण्याचा. इथेनॉल पाणी शोषून घेतें. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी राहिली व टाकींत पाणी अधिक झालें, तर पाणी व इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशीं बसतो. इंजिनास प्रथम तोच थर मिळतो व गाडी हटते. थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून स्थिर ठेवावें. खालीं वेगळा थर दिसल्यास टाकी रिकामी करून धुवून घेणें हाच उपाय. म्हणून क्वचित् चालणाऱ्या गाडींत पेट्रोल फार दिवस सांठवूं नये, आणि आठवड्यांतून एकदां ती पूर्ण तापेपर्यंत चालवावी.

टाळावयाच्या संवयी

कार्ब्युरेटरच्या तोंडांत बाटलीनें पेट्रोल ओतून सेल्फ मारण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. इंजिन उलट भडकलें तर ज्वाळा तोंडांतून बाहेर येते व ओतणाराच्या हातांत बाटली असते. ही युक्ति कोणीं केव्हांही करूं नये.

सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक मारूं नये व दोन वेळांमध्यें निदान अर्धा मिनिट थांबावें. नाहींतर बॅटरी व सेल्फ दोन्हीं जातात. चोक ओढून फार वेळ सेल्फ मारल्यास न जळलेलें पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचें तेल धुवून टाकतें व रिंगा झिजतात.

हँडल मारतांना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, हँडलभोंवतीं वळवूं नये; आणि दांडा खालीं दाबण्याऐवजीं वर ओढावा. इंजिनानें उलट झटका दिला तर हात सुटतो, मोडत नाहीं.

थंडी म्हणून कोठ्याचें दार लावून आंत गाडी तापवीत ठेवूं नये. चोक ओढलेल्या इंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड पुष्कळ असतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं, आणि माणसाची शुद्ध हरपेपर्यंत कांहीं कळत नाहीं.

दिवाळीनंतरचें एक दिवसाचें काम

तूर व कपाशीवर लक्ष ठेवावें तसेंच दिवाळी आटोपतांच एक दिवस गाडीस द्यावा. बॅटरी तपासून टर्मिनल व सांगाड्याची पट्टी स्वच्छ करावी. प्लग घासून फट जुळवावी. पॉइंट पाहावेत. एअर फिल्टर झटकावा किंवा बदलावा. कापसाच्या दिवसांत तो धूळ व रुई यांनीं लवकर बुजतो. पेट्रोलची गाळणी व नळ्या पाहाव्यात. चोकच्या तारेस तेलाचे दोन थेंब देऊन ती पूर्ण जाते-येते याची खात्री करावी. आणि हें सर्व करतांना कार्ब्युरेटरच्या स्क्रूस हात लावूं नये. लावावाच लागला तर किती फेरे फिरविला हें आधीं लिहून ठेवावें, म्हणजे पूर्वस्थितीवर आणतां येतो.

एक लहानशी वही गाडींत ठेवावी. कोणत्या तारखेस काय बदललें, त्या दिवशीं थंडी किती होती, गाडी कितव्या प्रयत्नांत चालू झाली, एवढें तींत टिपावें. दोन हिवाळे ही वही चालली म्हणजे मालकास आपल्या गाडीचा स्वभाव कळूं लागतो, आणि मिस्त्रीपुढें वही ठेवली म्हणजे त्याचाही अर्धा शोध वांचतो. बैलाचें खाणें-पिणें व दुखणें आपण न विसरतां पाहतों. दारांत उभ्या असलेल्या या यंत्राकडेही तितक्याच निगुतीनें पाहिलें, तर ज्या रात्रीं तिची खरी गरज पडेल त्या रात्रीं ती हटून बसणार नाहीं.